रेघा मारलेल्या कादंबऱ्या

बिल्किसच्या घरातली फरशी बावीस वर्षं थरथरत होती. धामणकर नाक्यामागच्या गल्लीत खाली कापडाचा कारखाना आणि वर घर. खाली चोवीस लूम चालायचे, वर ताटातलं कालवण हलायचं. लग्न होऊन महाडकडच्या खेड्यातून ती इथे आली तेव्हा पहिला महिना तिचं डोकं ठणकत होतं. पुढे तो आवाज तिला ऐकू येईनासा झाला. गेल्या वर्षी तिचा नवरा खलील याने लूम भंगारात काढले. शेवटचा लूम ट्रकवर चढला त्या दिवसापासून बिल्किसला घरात बसवेना.

तांदूळ निवडायला घ्यायची आणि अर्ध्यात उठायची. गच्चीवर जायची, काय करायला आलो ते आठवायचं नाही, परत खाली यायची. खलीलने तिला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, बीपी चांगलं आहे, थोडं फिरत जा. ती फिरतच होती.

त्याच सुमारास त्यांची एकुलती एक मुलगी अदीबा हिने पुण्याहून दोन खोके पाठवले. अदीबा तिथे फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला होती. होस्टेलची खोली बदलली, सामान ठेवायला जागा नाही, घरी राहू दे, असं ती फोनवर म्हणाली. बिल्किसने धूळ पुसायला म्हणून एक खोका उघडला. आत कादंबऱ्या. तीसेक तरी असतील, बहुतेक इंग्रजी, काही मराठी, सगळ्या अलीकडच्या. मुखपृष्ठावर कुठे पाठमोरी मुलगी, कुठे एका छत्रीखाली दोघं.

बिल्किस बारावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली. तिने आधी मराठीतली एक घेतली. साताऱ्याच्या कॉलेजातली दोन मुलं, एकमेकांवर जीव, आणि तीनशे पानं दोघंही तोंड उघडत नाहीत. ती तिने दोन दिवसांत संपवली. मग इंग्रजीकडे वळली. सुरुवातीला मोबाइलवर शब्द बघत बघत दिवसाला चार पानं व्हायची, महिनाभरात चाळीस व्हायला लागली. सुट्टीत बेकरीत काम करणारी पोरगी, लग्नाच्या आठवडाभर आधी घर सोडून गेलेली नवरी, आजारी भावासाठी पोहायला शिकणारा मुलगा. अठरा-वीस वर्षांची सगळी. बिल्किस बेचाळीसची.

बसून वाचणं तिला जमत नव्हतं. ती गच्चीवर फेऱ्या मारत वाचायची, पाण्याच्या टाकीपासून जिन्यापर्यंत आणि परत. शेजारची बायजाबाई कपडे वाळत घालता घालता बघायची. एकदा तिने विचारलं, "भाभी, परीक्षा हाय काय कसली?"

"परीक्षा नाही गं. ही पोरगी त्याला सांगत नाही. कधीची वाट बघतेय मी."

"मग तुम्हीच सांगा जाऊन," बायजाबाई म्हणाली आणि चिमटे लावत राहिली.

वाचता वाचता बिल्किसच्या लक्षात आलं की काही पुस्तकांत पेन्सिलीने रेघा मारल्या आहेत. सगळीकडे नाही, ठरावीक ठिकाणी. 'मला काही वाटत नाही, असं मी म्हटलं. इतकं मोठं खोटं मी आयुष्यात बोलले नव्हते.' या वाक्याखाली दोनदा रेघ होती. दुसऱ्या पुस्तकात, 'आई खूश होती म्हणून मी हसले.' आणि पहिल्या पानाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात इंग्रजी 'एस' आणि खाली तारीख, १४ मार्च. आणखी पाच-सहा पुस्तकांतही तोच एस, तारखा वेगवेगळ्या.

बिल्किसने सगळी पुस्तकं पुन्हा काढली. ती पुढे कथा वाचतच नव्हती, फक्त रेघा शोधत होती. एस म्हणजे कोण? साजिद, सलमान, की आपल्यातलाही नाही, समीर, सुमित? मुलीची डायरी चोरून वाचावी तसं तिला वाटत होतं, आणि खोका बंदही करवत नव्हता.

तिची घालमेल वाढायला आणखी कारण होतं. खलीलच्या चुलतभावाने आपल्या मुलासाठी, राहिलसाठी, अदीबाचा रिश्ता मागितला होता. त्यांचा काल्हेरला ट्रान्सपोर्टचा धंदा. राहिल निर्व्यसनी, नमाजी, बोलायला नरम. शिवाय खालचा रिकामा कारखाना गोदामासाठी भाड्याने घ्यायलाही ते तयार होते. खलीलने फोन स्पीकरवर टाकून मुलीला विचारलं होतं, म्हणजे सांगितलंच होतं. पलीकडून अदीबा म्हणाली, "तुम्ही ठरवाल ते, अब्बा." खलील दोन दिवस हसतमुख होता. येत्या रविवारी ती मंडळी रिश्ता पक्का करून तोंड गोड करायला येणार होती.

'तुम्ही ठरवाल ते.' गेल्या तीन महिन्यांत निदान दहा पोरींच्या तोंडी बिल्किसने हे वाक्य वाचलं होतं, आणि दहाही वेळा पुढच्या शंभर पानांत त्याचं काय झालं ते तिला माहीत होतं. तिचं स्वतःचं लग्न ठरलं तेव्हा तिला डी.एड.ला प्रवेश मिळाला होता. मामांनी विचारलं, "काय गं, चालेल ना?" आणि ती म्हणाली, "चालेल." तिला त्याचं दुःख होतं असं नाही. खलील भला माणूस होता. पण ते 'चालेल' आपणच म्हणालो की घशातून आपोआप निघालं, हे तिला आजही सांगता आलं नसतं.

गुरुवारी सकाळी खलील बाहेर गेल्यावर तिने तांदळाच्या भाकऱ्या आणि सोड्याचं, म्हणजे वाळवलेल्या कोलंबीचं, सुकं डब्यात भरलं, पिशवीत एक कादंबरी टाकली आणि एसटी स्टँड गाठला. एकटीने इतका लांबचा प्रवास तिने कधी केला नव्हता. पुण्याची गाडी कल्याणच्या पुढे निघाल्यावर तिने खलीलला फोन लावला.

"मी पुण्याला चाललेय. भात कुकरमध्ये आहे."

"पुण्याला? का? अदीबाला काही झालं?"

"काही झालं नाही. होऊ नये म्हणून चाललेय," ती म्हणाली. आपण हे वाक्य कुठल्या पुस्तकातून तर उचललं नाही ना, या विचाराने तिने घाईघाईने फोन ठेवला.

अदीबा कॉलेजच्या फाटकाशी आली तीच घाबरून. दोघी समोरच्या टपरीमागच्या बाकड्यावर बसल्या. बिल्किसने डबा न उघडता पुस्तक उघडलं आणि त्या दुहेरी रेघेवर बोट ठेवलं.

"हा एस कोण आहे?"

अदीबाने पुस्तक बघितलं, आईकडे बघितलं. "तू माझे खोके उघडलेस?"

"उघडले. ओरड नंतर. एस कोण?"

"अम्मी, ती सोनल. माझी रूममेट होती ना, लातूरची. एस म्हणजे ती स्वतः. पुस्तक घेतलं त्या दिवसाची तारीख लिहायची सवय होती तिला. कॉलेज सोडून जाताना सगळी पुस्तकं मला देऊन गेली. रेघा पण तिच्याच. मी यातली चारसुद्धा वाचलेली नाहीत."

 इतक्या दिवसांची धास्ती आणि हा प्रवास, सगळं लातूरच्या एका अनोळखी मुलीसाठी. बिल्किसला हसू आलं, मग लाज वाटली. अदीबा डबा उघडून भाकरी मोडायला लागली. बिल्किस उठून बाकड्याभोवती एक फेरी मारून आली आणि उभ्यानेच म्हणाली, "बरं. एस नाही. मग राहिल चालेल तुला?"

अदीबाचा घास हातातच राहिला.

"चालेल म्हणाले ना मी."

"ते तू अब्बांना म्हणालीस. मी आता विचारतेय."

तिने तो डब्यात परत ठेवला. मग म्हणाली, "राहिल वाईट नाहीये, अम्मी. दुसरंही कोणी नाहीये. पण मला लगेच कोणीच नकोय. मला नोकरी करायचीय, दोन वर्षं तरी. लूम गेल्यापासून अब्बा कसे झालेत, तू बघतेस. नाही कसं म्हणणार?"

"मला म्हण."

"नाही," अदीबा म्हणाली. मग ती रडली, आणि रडता रडता सोड्याचं सुकं संपवलं.

रात्री घरी येऊन बिल्किसने अदीबाचं म्हणणं खलीलला सांगितलं. तो तीन दिवस तिच्याशी बोलला नाही. चौथ्या दिवशी जेवताना म्हणाला, "मला न विचारता गेलीस."

"विचारलं असतं तर जाऊ दिलं नसतं तुम्ही."

त्याने थोडा विचार केला. "नसतं दिलं," तो म्हणाला. पण त्याआधीच, शनिवारी, त्याने चुलतभावाला फोन करून मंडळींना येऊ नका म्हणून कळवलं होतं. भाऊ दुखावला. गोदामाचंही बारगळलं. कारखाना चार महिने तसाच रिकामा राहिला, आणि खलील रोज सकाळी शटर उघडून आत नुसता उभा राहायचा. ते बघताना बिल्किसला कोणाशी नजर मिळवावीशी वाटत नसे. शेवटी दापोड्याच्या एका पार्सलवाल्याने जागा घेतली.

राहिलचं लग्न ईदनंतर झालं. बिल्किस गेली होती. राहिलने स्वतः येऊन तिच्या ताटात बिर्याणी वाढली, अदीबा कशी आहे विचारलं, कसलाही राग न ठेवता. घरी आल्यावर तिला चैन पडेना. चार कादंबऱ्या वाचून आपण पोरीचं चांगलं स्थळ घालवलं की काय? तिने अदीबाला फोन केला आणि हे जसंच्या तसं सांगितलं.

"चांगला होताच तो," अदीबा म्हणाली. "मलापण कधी कधी वाटतं. बघू."

अदीबा आता अंबरनाथच्या एका औषध कंपनीत ड्युटीला जाते आणि घरीच राहते. लग्नाच्या बाबतीत 'बघू'च्या पुढे ती सरकलेली नाही, आणि बिल्किस विचारायची थांबलेली नाही. सोनलचे खोके कधीच संपले. महिन्याला चार नव्या कादंबऱ्या मागवल्या जातात, तशाच, प्रेमाच्या आणि कोवळ्या पोरांच्या. अदीबा एखादी चाळते आणि कंटाळून ठेवून देते.

परवा जुम्म्याला खलील टोपी घालून गच्चीवर आला तेव्हा बिल्किस पुस्तक घेऊन फेऱ्या मारत होती.

"आता काय झालं?"

"घरच्यांपुढे बोलायचं सोडून पोरगी दुसऱ्या गावी निघून गेली."

"पानं किती उरलीत?"

"साठ."

"मग येईल परत," तो म्हणाला आणि मशिदीकडे जायला जिना उतरला.

बिल्किसला तसं वाटत नव्हतं. तिने पान उलटलं आणि टाकीकडे चालायला लागली.