भिंतीतल्या वायरीच्या चार तारा

भुताखेतांच्या गोष्टी मी कधी मानल्या नाहीत. या सदरातले अनुभव मी आवडीने वाचते, पण वाचताना मनातल्या मनात कारण शोधत असते… वारा असेल, ताप असेल, भास झाला असेल. आज स्वतःचाच अनुभव लिहितेय आणि मला कारण सापडत नाहीये, म्हणून जरा संकोच वाटतोय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी कारंजा तालुक्यातल्या कामरगावची. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. पुण्याच्या एका कंपनीत नोकरीसाठी ऑनलाइन परीक्षा होती. त्यात लिंक उघडली की आधी एक भलीमोठी फाइल डाउनलोड करायची आणि मग तिच्यावर काम करायचं. घड्याळ मात्र पहिल्या क्षणापासून चालू. पहिल्या वेळी माझा अर्धा वेळ फाइल उतरण्यातच गेला. मी मेल करून विनंती केली, तेव्हा त्यांनी आणखी एक संधी दिली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी. ही शेवटची, असंही लिहिलं होतं.

अट अशी, की खोलीत एकटं बसायचं, दार बंद, कॅमेरा चालू. राउटर आमच्या समोरच्या खोलीत. तिथे सोयाबीनची पोती, मजुरांची ये-जा. म्हणून मागच्या खोलीत बसणं भाग होतं. माझा लॅपटॉप जुना घेतलेला, त्याचं वायफाय बिघडलेलं. समोरून मागे भिंतीतून एक वायर आलेली आहे, तिच्यावरच माझं सगळं चालतं. ती वायर बंडूकाकाने टाकली होती. हा माझा सख्खा काका, गावात केबल टीव्हीचं काम करायचा. मी दहावी झाले तेव्हा त्याने भिंत फोडून ती टाकली, वरून प्लास्टर केलं आणि म्हणाला, "आता पल्लवी कम्प्युटर शिकन." मी बारावीत असताना तो आजारपणात गेला.

आमचा प्लॅन तीनशे एमबीपीएस वेगाचा, पण मागच्या खोलीत नव्वदच्या पुढे काटा जात नव्हता. गावात इंटरनेटची जोडणी देणारे सलीमभाई आले. ते पूर्वी काकासोबतच काम करायचे.

"प्लॅन तीनशेचा अन् सामान शंभरचं," ते म्हणाले. "ट्रॅक्टरचं इंजिन लूनाले लावून राह्यले तुमी."

त्यांनी राउटर बदलला, कारण जुन्याचे पोर्ट शंभरवरच अडत होते. मग लॅपटॉपला वायर जोडायचा अडॅप्टर बदलला. तरी नव्वदच. शेवटी त्यांनी माझ्या खोलीतल्या वायरीचा प्लग काढून खिडकीच्या उजेडात धरला आणि हसायला लागले.

"हे पाय वं. तुया काकाची कारागिरी. वायरीत तारा आठ, अन् यानं लावल्या चारच."

"मग बाकीच्या चार?"

"कापून टाकल्या. टीव्ही-नेट चारीवर चालते, आठ कायले, असं म्हनत जाये तो. साऱ्या गावाले चारीवर ठेवलं त्यानं. शंभरच्या वर जायाचं त आठही लागतात."

"नवीन प्लग लावा ना मग आठ तारांचा."

"कशाले लावू? भिंतीच्या तोंडाशीच कापल्या हायेत, दोन्हीकडून. अन् वायरीले ढील नाई बोटभर. नवीच वायर टाका लागन."

त्यांच्याकडचा रोल संपला होता. ते दसऱ्याला बहिणीकडे अकोल्याला जाणार होते, परत येताना रोल आणणार होते. पण ते येणार दुपारी आणि माझी परीक्षा सकाळी. मी त्या प्लगचा जवळून फोटो काढून कॉलेजच्या ग्रुपवर टाकला, कोणाला काही उपाय सुचतो का म्हणून. सगळ्यांचं उत्तर तेच — वायर बदल.

दसऱ्याला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. विळे, फवारणीचा पंप, कुऱ्हाड. काकाची प्लग बसवायची पकडही आई दरवर्षी पाटावर ठेवते. या वर्षी तिने माझा लॅपटॉप आणि राउटरही ठेवला. हळदकुंकू, झेंडूची फुलं. पूजेला ठेवलेल्या वस्तूला त्या दिवशी हात लावायचा नाही. काका याबाबतीत फार कडक होता. कोणाची केबल बंद पडली तरी म्हणायचा, "आज पकड सुटीवर हाय, उद्या येतो."

तो पूर्ण दिवस नेट बंद राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा मळणीयंत्रावर गेल्यावर आईने पाटावरच्या वस्तू उचलल्या. मी लॅपटॉप मागच्या खोलीत वायरीला जोडला, समोर येऊन राउटर जागेवर ठेवला, वायरी खोचल्या आणि तशीच थांबले. मागच्या खोलीत जाणाऱ्या वायरीच्या पोर्टचा दिवा शंभरला नारिंगी लागतो, त्याच्या वर गेला तर हिरवा. तो हिरवा होता.

मला वाटलं, सलीमभाई लवकर येऊन काम करून गेले. विचारायला वेळ नव्हता. मी दार लावून बसले. मागच्या वेळी जी फाइल उतरता उतरेना, ती मी पेन शोधून वही उघडेपर्यंत आलेली होती. मी सगळं सोडवलं.

दुपारी सलीमभाई खांद्यावर रोल घेऊन आले. "सरक बाजूले, वायर टाकू दे."

"टाकलीच ना तुम्ही. नाही तर आज माझं काही खरं नव्हतं."

"मी? बसमधून उतरून इकडंच येऊन राह्यलो मी."

ते मागे आले. प्लग काढून पुन्हा तसाच उजेडात धरला. या वेळी हसले नाहीत. मीही वाकून बघितलं. प्लगमध्ये आठ तारा होत्या… ओळीने, नीट बसवलेल्या. ते समोरच्या खोलीत गेले. तिकडेही आठ.

"फोटो दाखव," ते म्हणाले.

फोटोत चार होत्या. वायर तीच होती, काकाने तिच्यावर मारलेली लाल टेप तीच होती. सलीमभाईंनी वायर ओढून पाहिली. भिंतीतून बोटभरही सरकली नाही. प्लास्टरला कुठे ओरखडा नव्हता. त्यांनी प्लग माझ्या डोळ्यांजवळ आणला. त्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या आत, तारांच्या टोकांशी, लाल कण अडकले होते. कुंकू.

"वहिनी, बंडूची पकड कुठं हाय?"

आईने देवघरातून पकड आणली. विळ्यांवरचं, कुऱ्हाडीवरचं कुंकू जसंच्या तसं होतं. पकडीच्या दोन्ही मुठींवरचं पुसलेलं होतं, हाताने धरल्यासारखं. सलीमभाईंनी ती हातात घेतली नाही. मग हळूच म्हणाले, "पन दसऱ्याले तो पकडीले हात नाई लावत होता."

आई म्हणाली, "दसरा काल झाला ना, भाऊ. आज सकाळी थोडीच होता."

असं म्हणून ती चहा ठेवायला गेली.

त्यानंतर मी सगळं तपासलं. सलीमभाई खरंच अकोल्याला होते, त्यांच्या बहिणीशी मी स्वतः बोलले. आई-बाबांना प्लग बसवता येत नाही. आठ तारांच्या प्लगचाही फोटो काढला आणि कॉलेजमधल्या सरांना दोन्ही फोटो दाखवले. ते म्हणाले, या दोन वेगळ्या वायरी असतील. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं.

माझी निवड झाली. बाबांनी पेढे वाटले, आईने एक पेढा त्या पकडीसमोर ठेवला. सलीमभाईंनी आणलेला रोल अजून आमच्या खुंटीला लटकलेला आहे. वायर बदलून टाका म्हटलं तर म्हणतात, "तिले मी हात लावत नाई बापा. तू सांग दुसऱ्या कोनाले."

आठ तारांमधून माहिती कशी जाते, हे मी परीक्षेत लिहू शकते. भिंतीच्या तोंडाशी कापलेल्या चार तारा पुन्हा प्लगपर्यंत कशा पोचल्या, ते मला माहीत नाही. कोणाला माहीत असेल तर कृपया सांगा, मी मनापासून विचारतेय.

हा मजकूर मी त्याच वायरीवरून पाठवतेय. दिवा हिरवा आहे.