दमधर

माझी ताई तिखट कानाची आहे. लहानपणी मी स्वयंपाकघरात चोरून डबा उघडला की ती बाहेरच्या खोलीतून ओरडायची, "साखरेचा आहे, ठेव खाली." नुसत्या झाकणावरून तिला डबा कळायचा. या कानांचा मला इतका त्रास झाला की त्यांचं पुढे काही भलं होईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

झालं मात्र. गेली चोवीस वर्षं ती अंध वाचकांसाठी पुस्तकं रेकॉर्ड करणाऱ्या एका छोट्या स्टुडिओत आवाजाचं संपादन करते. स्टुडिओ म्हणजे वाचनालयाच्या तळघरातल्या दोन खोल्या. एकीच्या भिंतींना जाड गाद्या ठोकलेल्या, तिथे वाचणारा बसतो. दुसरीत ताई, तिचा कॉम्प्युटर आणि डोक्यावर हेडफोन. मध्ये काच. वाचणारा अडखळला, खोकला, त्याच्या पोटात गुडगुडलं, तर ते सगळं काढून टाकायचं आणि काढल्याचं ऐकणाऱ्याला कळूही द्यायचं नाही, हे तिचं काम. ते जितकं चांगलं होतं तितकं कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून म्हटलं, आपणच लिहू. आपल्या बहिणीचं कौतुक आपण नाही करायचं तर कुणी करायचं?

तर, या कामात प्लगइन लागतात. आवाजाच्या सॉफ्टवेअरला वरून जोडायचे छोटे प्रोग्रॅम. एक खरखर काढतो, एक खोलीचा घुमारा कमी करतो, असे. ताईकडे ते ढीगभर आहेत आणि तिचं समाधान एकाही प्रोग्रॅमने झालेलं नाही. जे मिळत नाही ते ती लिहून ठेवते. वाया गेलेल्या छापील पानांच्या पाठकोऱ्या बाजूला, मोठ्या अक्षरात. प्रत्येक इच्छेची सुरुवात ठरलेली.

"असं एक पाहिजे की, वाचणाऱ्याला बुधवारी सर्दी झाली तर मंगळवारचं नाक बुधवारला लावता येईल."

"असं एक पाहिजे की, पोट गप्प बसेल आणि माणूस बोलत राहील."

"असं एक पाहिजे की, खोटं हसू पकडेल आणि मला सांगेल, वाचणाऱ्याला नाही."

यातल्या एका पानाच्या तळाशी माझ्या अक्षरात लिहिलेलं आहे, "असं एक पाहिजे की, ताई जेवताना कामाचं बोलणार नाही." ते तिने खोडलेलं नाही, फक्त पुढे फुली मारून 'अशक्य' असं लिहिलं आहे.

प्लगइन बनवणाऱ्या एका कंपनीने लोकांकडून कल्पना मागवल्या होत्या. ताईच्या अकरा इच्छा मीच इंग्रजीत करून पाठवल्या. अकराही वेळा तेच उत्तर आलं, आपली सूचना नोंदवली आहे, आभारी आहोत. ताई म्हणाली, "वाचलं असतं तर एकदा तरी हसले असते."

यानंतर मास्तरांचं आजारपण आलं. मास्तर म्हणजे निवृत्त शिक्षक. वीस वर्षं ते या स्टुडिओत एक पैसा न घेता वाचत आले आहेत. एका लांबलचक कादंबरीची बत्तीस प्रकरणं वाचून झाली, नऊ उरली, आणि त्यांच्या फुप्फुसांनी दगा दिला. दोन महिने दवाखान्यात काढून परत आले ते अर्ध्या शब्दातच धाप लागण्याच्या अवस्थेत. वाचत तसेच होते, पण 'दर' म्हणून थांबायचे, श्वास ओढायचे आणि मग 'वाजा' म्हणायचे.

श्वास काढून टाकणारा प्लगइन ताईकडे होता. तिने तो लावला आणि हेडफोन माझ्या कानाला लावला. "ऐक. हा माणूस जिवंत वाटतो का?" वाटत नव्हता. एकही श्वास न घेता मास्तर धडाधड बोलत सुटले होते. एक प्रकरण ताईने हातांनी दुरुस्त केलं, त्याला अकरा दिवस लागले. स्टुडिओचे साहेब माणूस वाईट नव्हते, पण पुस्तक महिनाअखेर वाचनालयात जायचं होतं. ते म्हणाले, "उरलेली प्रकरणं दुसऱ्या कुणाकडून वाचून घेऊ." मास्तरांनी पुस्तक मिटलं. चष्मा पुसला, डबीत ठेवला, डबी खिशात ठेवली. ताई सांगत होती की त्या डबीचा आवाज तिच्या कानातून जात नाही.

तिने साहेबांकडून पंधरा दिवस मागून घेतले, घरी आली आणि एक पाठकोरं पान माझ्यापुढे आपटलं. "असं एक पाहिजे की, श्वास काढणार नाही, त्याला दम धरायला लावील."

"मी लिफ्टचं सॉफ्टवेअर लिहितो," मी म्हणालो. "कुठल्या मजल्यावर थांबायचं ते. तुझं हे मला काय कळणार?"

"मास्तरांचं तरी वेगळं काय आहे? ते मजल्यांच्या मध्ये थांबतायत. त्यांना मजल्यावर थांबव."

मी रजा टाकली. रोज सकाळी तिच्या शेजारी स्टूल टाकून बसलो. पुस्तकाचा मजकूर प्रोग्रॅमला दिला, म्हणजे स्वल्पविराम कुठे, पूर्णविराम कुठे हे त्याला माहीत. अर्ध्या शब्दात आलेला श्वास तो उचलायचा, जोडलेल्या शब्दाची टोकं घासून गुळगुळीत करायचा आणि तोच श्वास पुढच्या विरामावर नेऊन ठेवायचा. श्वास मास्तरांचाच, फक्त जागा बदललेली. आठव्या दिवशी, मास्तरांनी आधीच वाचून ठेवलेलं चौतिसावं प्रकरण वीस मिनिटांत तयार झालं. मी प्रोग्रॅमला 'दमधर' असं नाव दिलं आणि शाबासकीची वाट पाहत बसलो.

ताई ऐकत होती. मध्येच तिने हेडफोन काढला. "हे काय करून ठेवलंस?"

त्या प्रकरणात एक म्हातारा मुलाचं पत्र वाचतो. शेवटी 'तुझा' असा शब्द आहे आणि त्यापुढे नाव. मास्तर 'तुझा'च्या आधी थांबले होते. प्रोग्रॅमने तो श्वासही उचलून मागच्या स्वल्पविरामावर नेला होता. वाक्य कसं सुरेख सरळ झालं होतं.

"धाप होती, हलवली," मी म्हणालो.

"ती धाप नव्हती रे. गहिवर होता."

"प्रोग्रॅमला कसं कळणार ते?"

"त्याला नको कळायला. मला कळतं. मला एक बटण दे, मी म्हणेन तिथे तो हात लावणार नाही."

"बटणाला नाव काय देऊ?"

"राहू दे," ती म्हणाली. मला आधी वाटलं रागावून बटणच नको म्हणतेय. पण ते नाव होतं.

साहेबांनी एक अट घातली. वाचनालयाच्या एका जुन्या श्रोत्या होत्या, जन्मापासून अंध, टेलिफोन ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेल्या. मास्तरांनी वाचलेलं एकूण एक पुस्तक त्यांनी ऐकलेलं. "बाईंना खटकलं तर दुसरा वाचणारा," साहेब म्हणाले. बाई आल्या, बसल्या, चौतिसावं प्रकरण सुरू झालं. मास्तर दाराशी उभे होते, त्यांची धाप ऐकू जाऊ नये म्हणून रुमाल तोंडावर धरून. ताई काचेपलीकडे.

प्रकरण संपलं. बाई म्हणाल्या, "मास्तर आजारी होते का हो?"

संपलं, मला वाटलं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

"आवाज थकलाय," बाई म्हणाल्या. "पण आहेत तेच. त्या 'तुझा'च्या आधी थांबले ना, तिथे मला पुढे ऐकवेना. पुढचं प्रकरण कधी मिळेल?"

साहेब घसा खाकरून म्हणाले, "बघतो." दुसऱ्या दिवशी मास्तर पुन्हा गाद्यांच्या खोलीत बसले होते.

पुस्तक महिनाअखेर पोहोचलं. दमधर आता आणखी दोन स्टुडिओंत वापरतात, आणि तिथले लोक ताईला फोन करून 'राहू दे' कधी दाबायचं ते विचारतात. तिचं उत्तर एकच, "आधी नीट ऐका." माझी छाती फुगते, आणि मी ती लपवत नाही.

शेवटचं प्रकरण तिने मास्तरांना बोलावून ऐकवलं. शेवटच्या वाक्यानंतर त्यांनी एक मोठा श्वास सोडला होता. तो तिने होता तिथेच ठेवला होता. मास्तरांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"हे मी वाचलं?" ते म्हणाले. "मला तर वाटेत दहा ठिकाणी थांबल्याचं आठवतंय."

"तुम्हीच वाचलंत, मास्तर," ताई म्हणाली. "मी फक्त दम धरला."