पेनरोजचा रॉय 'नाही' म्हणतो तेव्हा

लेथखाली लोखंडाचा कीस साचतो ना, तसे किस्से साचतात. दिवसभर लक्ष जात नाही. संध्याकाळी झाडू हातात घेतला की कळतं, अरे बापरे, केवढा ढीग!

ऑकलंडमध्ये पेनरोज म्हणून कारखान्यांचा भाग आहे. तिथे रॉयच्या वर्कशॉपमध्ये मी नऊ-दहा वर्षं काम करतोय. रॉय बंदुका दुरुस्त करतो. वय सत्तरच्या पुढे, उंच, अंगात बाराही महिने तोच निळा ओव्हरऑल. काउंटरवर जो नावाची त्याची धाकटी बहीण बसते, आणि मागे मशीनवर मी, भोसरीचा मिलिंद. आमच्या मराठी गेट-टुगेदरला मी तोंड उघडलं की सायली, म्हणजे आमची सौ., म्हणते, "झालं! याचा रॉय सुरू!"

सुरू तर सुरू.

*

माझा इंटरव्ह्यू चार मिनिटांचा. रॉयने हातात एक गोल दांडा दिला, मायक्रोमीटर दिला आणि म्हणाला, "जाडी सांग."

मी मोजली. पुन्हा मोजली. तिसऱ्यांदा मोजली. भीतभीत म्हटलं, "सॉरी, पण तीन जागी तीन वेगळे आकडे येतायत."

रॉय जोकडे वळला. "पाच जण येऊन गेले. पाचही जणांनी एकच आकडा सांगितला, तोही ठासून!" दांडा मुळातच एका बाजूला निमुळता होता.

"नाव काय म्हणालास?"

"मिलिंद."

"मिल?" त्याने कोपऱ्यातल्या मिलिंग मशीनकडे बोट दाखवलं. "मग प्रश्नच मिटला. जा, तुझ्या नावाचं मशीन तिथे आहे!"

*

त्या काळात आमच्याकडे सगळ्यात जास्त काम असायचं ते कन्व्हर्जनचं. म्हणजे काय, तर गिऱ्हाईक सेमी-ऑटोमॅटिक (पुढची गोळी आपोआप भरणारी) रायफल घेऊन यायचं आणि म्हणायचं, हिला पिस्तुलाची गोळी चालेल असं करून दे. रायफलची गोळी जोरकस, कानठळ्या बसवणारी. पिस्तुलाची आखूड, धक्का कमी, क्लबच्या छोट्या रेंजवर चालणारी. पण पिस्तुलाच्या गोळ्यांतही प्रकार. नऊ मिलिमीटर घ्यायची, तिच्याहून जाड फोर्टी घ्यायची की आणखी जाड फोर्टी-फाइव्ह? माणसं सोयरीक जुळवताना करणार नाहीत एवढा विचार यावर करतात!

ऑकलंडच्याच बॉटनी डाउन्समध्ये राहणारा निखिल फडके त्यातला. पुण्याचा, आयटीतला, क्लबचा मेंबर. रीतसर लायसन्स. तो लॅपटॉप घेऊनच आला. एक्सेल शीट, बेचाळीस ओळी! गोळीचा वेग, वजन, धक्का, किंमत, सगळ्याला वेगवेगळे रंग.

रॉयने चष्मा लावून सगळ्या ओळी वाचल्या. खरंच वाचल्या! मग विचारलं, "यातलं तू काय काय चालवून बघितलंयस?"

"अजून काहीच नाही."

"मग हे लग्न फोटो बघून चाललंय! क्लबमध्ये जा. ज्याच्याकडे जे आहे ते मागून चालव. मग ये."

फडके चार महिन्यांनी आला. लॅपटॉप नाही. "नऊ मिलिमीटर," म्हणाला.

"का?"

"क्लबमध्ये बहुतेकांकडे तीच आहे. माझ्या संपल्या तर शेजारच्याकडून मागता येतात."

रॉय खुश! "बेचाळीस ओळींमध्ये हे होतं का रे?"

*

एकदा एक धिप्पाड गृहस्थ आले. दारातूनच आवाज. "मला सगळ्यात मोठी बसवून दे! फोर्टी-फाइव्हपेक्षा मोठं काही असेल तर तेही दाखव. ताकद पाहिजे ताकद!"

रॉयने शांतपणे विचारलं, "नेम कशावर धरणार?"

"क्लबमध्येच. कागदी टार्गेटवर."

"मेट," रॉय म्हणाला, "कागद सगळ्यात छोट्या गोळीनेही मरतो!"

*

मार्गारेट नावाच्या बाई होत्या. चौऱ्याहत्तर वर्षांच्या. नवरा गेला, त्याची रायफल घरात राहिली. दोघं मिळून तीस वर्षं क्लबला जायचे, ते त्यांना सोडवत नव्हतं. पण खांद्याचं ऑपरेशन झालेलं. रायफलचा धक्का सोसायचा नाही, म्हणून पिस्तुलाच्या गोळीचं कन्व्हर्जन करून घ्यायला आल्या होत्या.

दुकानात तेव्हा तीन पुरुष गिऱ्हाइकं उभी होती. तिघांनी तीन सल्ले दिले, तेही एकाच वेळी! बाई गोंधळून गेल्या.

रॉयने तिघांना हाताने थांबवलं. मग बाईंना विचारलं, "तुम्ही झोपता कुठल्या कुशीवर?"

बाई म्हणाल्या, "डाव्या. उजवीवर अजून जमत नाही."

"कपाटातला वरचा डबा कुठल्या हाताने काढता?"

"डाव्या."

"मग कन्व्हर्जन नको. छोटी पॉइंट टू-टू रायफल घ्या. हलकी आहे, धक्का नाहीच. आणि डाव्या खांद्यावरून चालवायला शिका. शनिवारी मी येतो शिकवायला."

सहा शनिवार गेला तो. स्वतःची मासेमारी सोडून! बाई जाताना जोला हळूच म्हणाल्या, "झोपता कसं, हे माझ्या सर्जननेही विचारलं नव्हतं!"

*

आमच्या ईशाला मराठी कळतं सगळं, पण उत्तर इंग्लिशमध्ये. शाळेत बाईंनी विचारलं, तुझे बाबा काय काम करतात? बंदुकांचं नाव काढू नकोस, असं सायलीने आधीच बजावलेलं.

पोरगी म्हणाली, "माय डॅड्ज बॉस सेज नो टु पीपल. अँड डॅड हेल्प्स!"

*

मग कायदा बदलला. का बदलला ते इथे राहणाऱ्या कुणाला सांगायला नको; मशिदींमधला तो गोळीबार कुणी विसरलेलं नाही. त्या आठवड्यात वर्कशॉपमधला रेडिओ सतत चालू होता. सेमी-ऑटोमॅटिक रायफली सरकारजमा करायच्या असं ठरलं. गिऱ्हाइकं येऊन काउंटरवर वाद घालायची, रॉयचं मत विचारायची. तो एवढंच म्हणायचा, "मी वस्तू बनवतो. ती कुणाकडे असावी हे देशाने ठरवायचं. ठरवलं."

फडकेची रायफल तेव्हा तयार होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. जमा करायच्या दिवशी तो आधी आमच्याकडे आला. रॉयने रायफल त्याच्या हातातून घेतली, पूर्ण खोलली, पुसली, तेल दिलं, पुन्हा जोडली. चांगला पाऊण तास.

मला राहवलं नाही. "रॉय, तिथे तिचा चुराडाच करणार आहेत ना?"

"करू देत. माझ्या हातून जाताना ती नीट असली पाहिजे."

फडके, रॉय आणि मी, तिघं गेलो. एका स्पोर्ट्स हॉलमध्ये टेबलं मांडली होती. टेबलामागच्या पोलिसाने रायफल उचलली, एकदा उलट, एकदा सुलट बघितली. म्हणाला, "हे काम कोणी केलंय? सुंदर आहे."

फडकेने रॉयकडे बोट दाखवलं.

"थँक्स," रॉय म्हणाला. बस. पोलिसाने पावती फाडली आणि रायफल मागच्या पेटाऱ्यात ठेवली. टाकली नाही हं, ठेवली!

परत येताना गाडीत फडके खिडकीबाहेर बघत होता. आणि रॉय त्याला समजावत होता की आता पॉइंट टू-टूचं एक्सेल शीट बनवायला घे!

*

पण आमचं निम्मं काम गेलं. माझा व्हिसा रॉयच्या वर्कशॉपशी बांधलेला, रेसिडेन्सी झालेली नव्हती. ईशा दुसरीत. घरात आम्ही त्या विषयावर बोलायचो नाही, आणि दुसरं काही सुचायचंही नाही.

सोमवारी रॉयने बोलावलं. मी मनातल्या मनात बॅगा भरल्याच होत्या.

"मिल, पेनरोजमध्ये सगळ्यात जास्त काय बिघडतं, माहितेय?"

"काय?"

"कॉफी मशीन! पार्ट परदेशातून यायला महिना लागतो. आपण इथेच बनवू. तू सोडून जायचं नाहीस."

आणि खरंच, दोन महिन्यांत रांग लागली! पण कॉफीवाले लोक फार चिकित्सक. एक वॉशर केसभर सैल असला तरी परत. जो एकदा वैतागून म्हणाली, "पूर्वी पोलीस यायचे तपासणीला. त्यांचं समाधान व्हायचं तरी!"

*

टामा हा माओरी माणूस, डोंगरातलं रान फस्त करणाऱ्या रानटी बकऱ्यांचा बंदोबस्त करण्याचं कंत्राट घेतो. असल्या कामासाठी काही मोजक्या लोकांना सरकार अजूनही सेमी-ऑटोमॅटिकचा खास परवाना देतं. तो आला. "किया ओरा, रॉय! मला पिस्तुलाच्या गोळीचं कन्व्हर्जन करून दे. वस्तीजवळ काम असतं, आवाज कमी हवा."

कायद्यानंतरचं पहिलंच तसलं काम! मी तर मशीन पुसायलाही घेतलं.

रॉय म्हणाला, "आधी तुझा डोंगर दाखव."

आणि गेला की! सत्तरीचा माणूस दिवसभर चिखलात, टामाच्या मागे. दुसऱ्या दिवशी लंगडत आला. टामा सोबतच.

"बकऱ्या शंभर मीटरच्या अलीकडे येत नाहीत," रॉय म्हणाला. "एवढ्या लांब पिस्तुलाची गोळी पोचेपर्यंत दमते. बकरी मरणार नाही, जखमी होऊन तीन दिवस तळमळेल. मी नाही बनवणार. आहे तीच रायफल ठेव, आवाज कमी करायला सायलेन्सर बदल. तो समोरच्या दुकानात मिळेल."

टामा तसाच समोरच्या दुकानात गेला. नंतरच्या महिन्यात त्याच्या ओळखीचे सहा कंत्राटदार आले. मी एकाला विचारलं, टामाने काय सांगून पाठवलं?

"म्हणाला, त्या म्हाताऱ्याने मला काहीही विकलं नाही. तुम्ही त्याच्याकडेच जा!"

*

आता हा शेवटचा. खरं तर कायद्याच्या आधीचा, पण मी नेहमी शेवटीच सांगतो.

एका दुपारी चाळिशीतला एक माणूस आला. नाव ग्रँट. स्वच्छ शर्ट, लायसन्स बरोबर, बोलणं नम्र. रायफल काउंटरवर ठेवली. पिस्तुलाच्या गोळीचं कन्व्हर्जन हवं म्हणाला.

"कुठली गोळी?" रॉयने विचारलं.

"कुठलीही."

"क्लब कुठला?"

"आता जात नाही."

"मग कशासाठी हवं?"

"असंच. लवकर काय होईल ते द्या."

रॉयने एकदा त्याच्याकडे नीट बघितलं. मग रायफल उचलली, डोळ्याजवळ नेली, मान हलवली. "हिचं माप जरा विचित्र आहे. पार्ट मागवावा लागेल. वेळ लागेल. रायफल इथेच ठेवून जा. घरी अजून आहेत?"

"एक आहे."

"तीही आण. मापं ताडून बघावी लागतील. चल, मी येतो गाडीतून, तुला फेरा नको."

आणि तसाच निघाला, ओव्हरऑलवर! तासाभराने दुसरी रायफल घेऊन परत आला, तिजोरीत ठेवली. मी म्हटलं, "रॉय, ही तर साधी नेहमीची रायफल आहे. हिचे पार्ट आपल्या ड्रॉवरमध्ये—"

"मिल," तो म्हणाला, "ड्रॉवर बंद कर."

नंतर दर शनिवारी सकाळी रॉय ग्रँटला फोन करायचा. "पार्ट अजून आला नाही, मेट. पण मी बोट काढतोय. येतोस?" पहिले दोन शनिवार ग्रँट नाही म्हणाला. तिसऱ्या शनिवारी रॉय बोट घेऊन त्याच्या दारातच जाऊन उभा राहिला. मग तो यायला लागला. जोने त्याला मानसोपचार करणाऱ्या एका डॉक्टरच्या पत्त्याची चिठ्ठी दिली, तिथेही रॉयच घेऊन गेला. पाच महिने असंच. पार्ट काही येईना!

एके दिवशी ग्रँट स्वतःहून वर्कशॉपमध्ये आला. हातात बादली, बादलीत तीन मोठे स्नॅपर मासे, त्याने एकट्याने धरलेले. उन्हाने रापलेला, थोडा जाडही झालेला. बादली काउंटरवर ठेवली.

"रॉय," तो म्हणाला, "खरं सांग. तो पार्ट तू कधी मागवलाच होतास का?"

रॉयने चष्मा कपाळावर सरकवला, बादलीत वाकून मासे बघितले.

"कुठला पार्ट?"