पूजेची फळी

पैठणकर सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी पुण्यात, एका अर्धवट इमारतीच्या सावलीला बसून संत्रं सोलत होते. फोन अनंताचा होता. कॉलेजात असताना आम्ही दोघांनी सरांकडे उमेदवारी केली, त्याला आता कितीतरी वर्षं झाली. "सर गेले गं," तो म्हणाला, "दुपारी जेवून पडले, ते उठलेच नाहीत." मला आधी हसू आलं, खरं सांगते, आणि मग रडू. सर कुठंही झोपायचे. कडुनिंबाखाली, जीपमध्ये, एकदा तर कोसळलेल्या स्लॅबच्या सपाट तुकड्यावर, तोंडावर टोपी ठेवून. जायचंच होतं तर याच वाटेनं जाणार, असं मनात आलं. संत्र्याच्या फोडी तशाच हातात राहिल्या...

पडलेल्या इमारती का पडल्या, हे शोधणं सरांचं काम. आता त्याला फॉरेन्सिक इंजिनिअरिंग म्हणतात, त्याचे अभ्यासक्रमही निघालेत. तेव्हा आमचं शहर औरंगाबाद होतं आणि लोक सरांना सरळ 'पडझडीचे साहेब' म्हणायचे. खडकेश्वरच्या बाजूला त्यांचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. आम्ही तिथं दाखल झालो ते मोठ्या तोऱ्यात, नव्या टेपा आणि नवे बूट घेऊन. आम्हाला वाटलं होतं की साइटवर उतरल्या उतरल्या मापं घ्यायची, गुन्हेगार पकडायचा. सरांनी टेपा जीपमध्येच ठेवायला लावल्या. त्यांची पद्धत अशी, की ढिगाऱ्यासमोर आधी बसायचं. थर्मासमधला चहा प्यायचा, काही बोलायचं नाही, काही लिहायचं नाही. "पडलेल्या घराला घाई नसते," ते म्हणायचे, "तुम्हाला कसली आहे?" पहिल्या दिवशी अनंताला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. मला मात्र ते बसणं आवडायला लागलं. हिवाळ्यातलं मऊ ऊन, हवेत तरंगणारी बारीक धूळ, कुठंतरी हापशाचा आवाज, आणि समोर एक घर आपलं पडून आहे. बघता बघता त्या ढिगाऱ्यात भिंत कुठं होती, दार कुठं होतं, कुणाची खाट कुठं असेल, ते दिसू लागायचं. आजही ते दिवस आठवले की मला ते घडले असं वाटत नाही, दुपारच्या झोपेत पाहिले असं वाटतं.

फुलंब्रीच्या पुढं, अजिंठ्याच्या रस्त्याला आत एक गाव आहे. तिथं एका शेतकरी कुटुंबानं नवं पक्कं घर बांधलं होतं. मुलगा बापू शहरात नोकरीला, त्याच्या पगारातून हौसेनं बांधलेलं. टेकू काढले, घर राहतं झालं, आणि एका सकाळी दारावरचा रुंद छज्जा खाली आला. छज्ज्याखाली बापूचे वडील चहा पीत बसले होते. ते जागीच गेले. मिस्त्रीनं सिमेंट खाल्लं, असा बापूचा आरोप होता. रज्जाक मिस्त्रीला अटक झाली, मग जामीन मिळाला, पण पंचक्रोशीत त्याला कुणी काम देईना. पोलिसांनी सरांचं मत मागवलं, म्हणून आम्ही गेलो.

त्याही दिवशी आधी बसलो. मग सरांनी मला उभं केलं आणि हात समोर ताठ धरायला सांगितलं. "थकलीस की कुठं ओढ लागते?" मी खांद्याच्या वरच्या बाजूला बोट दाखवलं. "छज्ज्याचं तसंच असतं. एक टोक भिंतीत, दुसरं हवेत. ओढ सगळी वरून. म्हणून त्याच्या सळया वरच्या अंगाला असाव्या लागतात. खाली गेल्या तर असून नसल्यासारख्या." आम्ही तुटलेली कड पाहिली. काँक्रीट घट्ट होतं, हातोडीखाली खणखणत होतं. सिमेंट कुणी खाल्लेलं नव्हतं. सळयाही होत्या, हव्या तेवढ्या आणि हव्या त्या जाडीच्या. फक्त त्या सगळ्या तळाला गेल्या होत्या.

का गेल्या, ते आम्हाला गयाबाईंनी दाखवलं, आणि आपण काय दाखवतोय हे त्यांना माहीत नव्हतं. गयाबाई म्हणजे बापूची आई. कपाळ मोकळं झालेली ती बाई आतून एक फोटो पदरानं पुसत घेऊन आली. "ह्ये आमचे मालक," म्हणाली, "स्लॅब टाकायच्या दिवशीचा हाय. जन्मात कधी फोटूला हसले नाय, त्या दिवशी हसले बघा." स्लॅब टाकायच्या दिवशी पूजा करायची रीत सगळीकडे आहे. इथं ती वर, बांधलेल्या सळयांच्या जाळीवरच केली होती. सगळं घरदार, भावकी, सुना, लेकरं फोटोत उभी होती, गयाबाईंच्या हातात आरतीचं ताट, मालक फेटा बांधून. नेमकी छज्ज्याच्या जागी, कारण तिथं निंबाची सावली होती. सर फोटोकडे फार वेळ पाहत राहिले. मग त्यांनी तो दोन्ही हातांनी परत केला आणि म्हणाले, "फार छान आलाय फोटो, मावशी."

दुसऱ्या दिवशी रज्जाकभाई ऑफिसात आले. उंच, वाकलेला माणूस, दारातच उभा राहिला. सरांनी खुर्चीवर बसवलं आणि फोटोबद्दल विचारलं. "व्हय साब, सगळी माणसं चढली व्हती वर," ते म्हणाले. "सळया दबल्या, मला दिसत व्हतं. नंतर उचलल्या पण मी, जेवढ्या झाल्या तेवढ्या. तवर काँक्रीटचा माल यायला लागला." मग अडवलं का नाही, असं सरांनी विचारलं. "साब, पूजा थी. मैं नक्को कैसा बोलता? मालकिणीच्या हातात आरती. मी, रज्जाक, त्यांना काय म्हणू... उतरा?"

ऑफिसात त्या दिवशी आमचं भांडण झालं. अनंता म्हणत होता, फोटो जोडा, पूजा लिहा, मिस्त्री सुटतो. मी म्हणत होते, नुसतं सळया तळाला गेल्या एवढं लिहा, कशामुळं ते नको. त्या बाईनं नवऱ्याला आपल्याच पायांनी मारलं, हे तिला कोणत्या तोंडानं सांगायचं? सर दोघांचं ऐकत होते. शेवटी म्हणाले, "लिहावं तर सगळंच लागेल. रज्जाकनं सळयांखाली आधार द्यायला हवा होता, तेही. पण तिला कोर्टात कळू नये. घरी कळावं." आणि टोपी घेऊन उठले.

तो दुसरा प्रवास मला अजून स्वप्नात दिसतो. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी, कणसं भरत आलेली, रस्ता संपूच नये असं वाटणारा. गयाबाई ओट्यावर तूर पाखडत होत्या, बापूही घरीच होता. सर त्यांच्यासमोर खाली बसले. सुरुवात कुठून केली ते आठवत नाही, पण त्यांनी काही लपवलं नाही. सुपाचा आवाज थांबला.

"म्हंजी आमच्या पायानं दबल्या?"

"व्हय, मावशी."

"मीच म्हणलं व्हतं... नवी साडी नेसून वर उभं ऱ्हायचंय, आपल्या घरावर." मग फार हळू म्हणाल्या, "म्या मारलं त्यांला?"

मी मान खाली घातली. सर मात्र त्यांच्याकडे बघत होते. "नाय," ते म्हणाले. "घर म्हणलं की माणूस त्याच्यावर पाय ठेवणार. आनंदानं ठेवणार. तुमचे पाय तिथं येणार हे धरून सळया बांधायचं काम आमचं. आम्ही नकाशात वारा धरतो, पाऊस धरतो... पूजा धरली नाय. ती आमची चूक, मावशी. शिकलेल्या सगळ्यांची."

बापू काहीतरी बोलायला लागला, सिमेंटचं पुन्हा. गयाबाईंनी हातानंच त्याला थांबवलं. त्या रडत होत्या आणि पुसतही नव्हत्या. "बापू, त्या रज्जाकचं नाव काढून घे," त्या म्हणाल्या. "त्यो गप ऱ्हायला त्यो माझ्या आरतीमुळं." बापू उठून आत गेला. आम्ही निघताना गयाबाईंनी सरांना थांबवलं आणि रुमालात बांधून तूर दिली. ती डाळ काकूंनी, सरांच्या पत्नीनं, पुढं कितीतरी दिवस आमच्या जेवणात वाढली.

खटला ढिला पडला आणि रज्जाकभाई परत कामाला लागले. सरांना मात्र त्या फोटोनं सोडलं नाही. त्यांनी उपाय काढला तो हास्यास्पद वाटावा इतका साधा. सळयांच्या मधून खालच्या सेंट्रिंगवर, म्हणजे स्लॅबच्या साच्यावर, लाकडी ठोकळे उभे करायचे आणि त्यांवर रुंद फळी टाकायची. पूजेची माणसं फळीवर उभी राहणार, सळयांना पाय लागणार नाही. आपल्या प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात ते लिहायला लागले: 'पूजेसाठी फळी'. इंजिनिअर मंडळी हसायची, आम्हीही मागं नव्हतो. सर ओळख ना पाळख, कुणाच्याही स्लॅबला जाऊन उभे राहायचे, मिस्त्र्यांना फळी टाकायला लावायचे, प्रसादाचा पेढा खायचे आणि जवळच्या झाडाखाली झोपायचे. म्हातारपणी गुडघे गेले तेव्हा त्यांना हेच खटकत होतं, की आता स्लॅबना जाता येत नाही. एकदा फोनवर म्हणाले होते, "फळी टाकतात की नाही गं आता, कुणास ठाऊक. कोण बघतंय?" मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं.

गेल्या आठवड्यात काकूंना भेटायला संभाजीनगरला गेले. निघताना शहराच्याच सातारा परिसरातून, नव्या वसाहतींमधून रिक्षा चालली होती. एका घराच्या स्लॅबची तयारी दिसली. बायका जरीच्या साड्या सावरत शिडी चढत होत्या. मी रिक्षा थांबवली. वर पाहिलं तर सळयांवरून, ठोकळ्यांवर उचललेली एक लांब फळी.

खाली एक तरुण मिस्त्री विड्याचं पान लावत उभा होता. मी विचारलं, "ही फळी कुणी टाकायला सांगितली?"

"कुणी म्हंजी?" त्याला प्रश्नच कळला नाही. "पूजा हाय नव्हं? पूजेला फळी लागतीच, मॅडम. रीतच हाय ती."

"कधीपासून?"

"पयल्यापासून." तो हसला. "या ना वर. आरती चालू व्हईल आता."

मी चपला शिडीपाशी काढल्या. कुणाच्या तरी अनोळखी घरावर, अनोळखी बायकांच्या ओळीत जाऊन उभी राहिले. खाली, बोटभर अंतरावर, सळया जागच्या जागी होत्या. आरती सुरू झाली. डोळ्यांतलं पाणी शेजारच्या बाईनं पाहिलं असावं, कारण तिनं सरकून मला फळीवर आणखी जागा करून दिली.