माती चाखणारा माळी

पडदा वर जातो तेव्हा एक लहानशी ओसरी दिसते. मागे नांदुरा स्टेशनकडे जाणारे रेल्वेचे रूळ, पुढे ओळीने सात कुंड्या, त्यातल्या दोन म्हणजे रंगाच्या जुन्या बादल्या. स्वयंपाकघराच्या भिंतीतून एक निळी नळी बाहेर आली आहे आणि तिच्यातून थेंब थेंब पाणी टबात पडतं आहे. मे महिना. सकाळी साडेसातलाच ऊन डोळ्यांत खुपतं. उजवीकडून एक उंच, वाकलेला म्हातारा सायकल घेऊन येतो. सायकलवर बसून नव्हे, तिच्यावर भार टाकून. हे रहेमतुल्लाभाई. ओसरी माझी, पण प्रवेश त्यांचा.

पस्तीस वर्षं ते स्टेशनच्या बागेत माळी होते. आमची नाटक मंडळी पहाटेच्या गाडीने उतरायची. पेट्यांवर पेंगणाऱ्या आम्हा नट्यांकडे फलाटावरचा जो तो वळून बघायचा. हा एकटा माणूस आमच्याकडे पाठ करून जास्वंदीशी बोलत असायचा. माझा तेव्हा फार अपमान व्हायचा. पुढे मी थकून याच गावात राहिले, तेही निवृत्त झाले, आणि घरोघरच्या कुंड्या बघत फिरू लागले.

त्यांची तपासणी बघण्यासारखी. आधी झाडाला हात लावायचा नाही, घरच्यांना विचारायचं. पाणी कोण घालतं? खिडकी कोणत्या अंगाला? मग बोट दोन पेरं मातीत. मग पान उलटून पाठ बघायची, पांढरा मावा आहे का. एका घरी मनीप्लांट कुजला होता, तिथे म्हणाले, "पाच माणसं घरात, अन् पाचही जण येता-जाता तांब्या ओतून राह्यले. झाड हाये बापा ते, पाहुणा नाई!"

आणि सगळ्यात शेवटी चिमूटभर माती जिभेवर. क्षणभर डोळे मिटायचे, थुंकायचं, निकाल द्यायचा. आमचा हा खारपाणपट्टा. इथल्या विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. मातीत मीठ किती चढलंय हे ते जिभेने सांगत, आणि कधी चुकत नसत.

या उन्हाळ्यात मात्र चुकले. एका वकिलांचा गुलाब गेला, शेजारच्या वंदनाबाईंचा मोगरा गेला, डाकघराजवळच्या मास्तरांकडची शेवंती गेली. तिन्ही ठिकाणी त्यांनी माती चाखून सांगितलं होतं, झाड उपाशी आहे, खत द्या. लोक म्हणू लागले, म्हातारा आता अंदाजे सांगतो. त्यांची मुलगी नसीमा तर हात धुऊन मागे लागली. "अब्बा, त्या सायकलीसकट एक दिवस पडसान तुम्ही. काऊन फिरता आता?"

माझ्या कुंडीतल्या अनंताचीही तीच गत झाली होती. मंडळी मोडली त्या वर्षी मी हे झाड लावलं. आता पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या, टोकं जळलेली. रहेमतुल्लाभाईंनी त्यालाही दोनदा खत दिलं होतं, तरी ते खालीच चाललं होतं. नसीमाला त्यांनी सांगून टाकलं होतं, "बाईंचा अनंत उठला तर सायकल चालू. नाई तर भंगारवाल्याले."

पडदा वर गेला त्या सकाळी ते तिसऱ्यांदा आले. गुडघे धरून खाली बसले. माती चाखली, डोळे मिटले, थुंकले.

"माती गोड हाये, बाई. मीठ नाई. अजून भूकच हाये याची."

कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसत होता. मला काय सुचलं कोण जाणे, मी चिमूट उचलली आणि तोंडात टाकली. जीभ चरचरली. निव्वळ मीठ.

नाटकातल्या शेवटच्या वर्षांत मी माझे संवाद विसरायचे. विंगेत बसलेला प्रॉम्प्टर पहिला शब्द हळूच सांगायचा, इतका हळू की प्रेक्षकांना कळू नये. एकदाही त्याने मला उघडं पाडलं नाही. मी रहेमतुल्लाभाईंच्या शेजारी बसले आणि तितक्याच हळू म्हणाले, "खारट आहे."

त्यांनी पुन्हा चिमूट घेतली. बराच वेळ तोंडात धरली. मालगाडी गेली, ओसरीचे पत्रे वाजले, तरी ते थुंकेनात.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दिवाळीतल्या तापापासून. मिरची झोंबते, पण चव नाई लागत. नसीमाले नका सांगू." मग माझ्याकडे न बघता, "तीन झाडं मारली, बाई, म्या."

 ते उठले. कुंड्यांवरून, टबावरून फिरत त्यांची नजर निळ्या नळीवर थांबली.

"हे पाणी कायचं?"

"पाणी गोड करायच्या मशीनचं. भाच्यानं बसवलं संक्रांतीला. एक तांब्या गोड देते नि दोन तांबे बाहेर टाकते. वाया कसं घालवू? झाडांना घालते."

ते कपाळावर हात मारून हसले. त्या हसण्यात जीव नव्हता. "सगळं मीठ त्या दोन तांब्यात उतरते, बाई! अन् वरून माहं खत, ते बी खारच. वकिलाकडं मशीन हाये. वंदनाबाईकडं बी. मास्तरकडं बी." पाणी जपणाऱ्या गावाने पाणी जपूनच झाडं मारली होती, आणि पाणी कोण घालतं हे विचारणाऱ्या त्यांनी पाणी कुठलं हे विचारलं नव्हतं. चव गेली तरी जिभेवरचा जुना भरवसा सुटला नव्हता ना.

त्यांनी वरचा पांढरा थर खरवडून काढला, सळईने कुंडीची भोकं मोकळी केली. धरणाच्या नळाचं पाणी दर चौथ्या दिवशी येतं. ते भरून ठेवून आठवडाभराच्या अंतराने तीनदा हळूहळू ओतायला मला सांगितलं, खालून भरपूर वाहून जाईपर्यंत. खत बंद. मग तशा उन्हात ते तिन्ही घरी गेले आणि दारात उभं राहून म्हणाले, "चूक माही होती." वंदनाबाईंनी पाणी दिलं. वकिलांनी दार पूर्ण उघडलंच नाही.

जुलैत अनंताला नखाएवढी हिरवी पालवी फुटली. मी निरोप धाडला. रहेमतुल्लाभाई आले, पण सायकल दिसेना. पालवीवरून त्यांनी बोटाची पाठ फिरवली.

"पैज जिंकलात," मी म्हटलं. "उठला की अनंत. सायकल कुठंय?"

"उठला, पण म्या नाई उठवला. नसीमाले समदं सांगून टाकलं." ते पायरीवर टेकले, खूप वेळ गुडघा चोळत राहिले. "सायकल देऊन टाकली, बाई. आता पायी येत जाईन, तुमच्याच घरी. तुम्ही चाखत जा, मी पाहत जाईन."