मला तो जिवंत हवा

बातम्यांच्या वाहिनीवर पाहुण्यांचा मेकअप करणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणत. हात हलका, जीभ तिखट. कसलाही घामट मंत्री येवो, चहा निवायच्या आत त्याचा नवरदेव करून कॅमेऱ्यापुढे सोडायच्या.

मग सरहद्दीवरच्या चौकीत त्यांचा मुलगा मारला गेला. गोळ्या संपल्यावर पोरांनी हात वर केले होते, तरी पलीकडच्या अधिकाऱ्याने त्यांना भिंतीशी उभं करून मारलं. त्याच्याच शिपायाने काढलेला व्हिडिओ जगभर फिरला. मावशींनी तो इतक्यांदा पाहिला, की त्या अधिकाऱ्याचा चेहरा त्यांना पाठ झाला.

पुढे दोन्ही देशांनी अणुबॉम्बची क्षेपणास्त्रं बाहेर काढली. वाहिनीवर रोज भांडण जुंपायचं. निवृत्त सेनापती म्हणायचे, आधी आपणच मारू. माजी राजदूत म्हणायचे, बोलणी तोडू नका. मावशी सेनापतींना तेजस्वी करायच्या आणि राजदूतांच्या गालांना मुद्दाम राखाडी रंग फासायच्या.

"आई, तो माणूस टीव्हीवर आजारी दिसतो गं," लेक म्हणाली.

"दिसू दे मेला! माझ्या पोराच्या खुन्यांशी गोडगोड बोलायचंय त्याला."

एके दिवशी निवेदकाने गळ घातली, "मावशी, आज तुम्हीच बसा चर्चेला. आईनेच बॉम्ब मागितला, तर सरकारला ऐकावं लागेल." मावशी एका पायावर तयार झाल्या.

त्याआधी सेनापतींचा चेहरा करायचा होता. पावडर लावता लावता त्यांनी विचारलं, "साहेब, बॉम्ब टाकला की तो मरेल ना? माझ्या पोराला मारणारा?"

सेनापतींनी डोळे मिटलेलेच ठेवले. "त्याला बढती मिळालीय, राजधानीत असतो. असल्यांसाठी जमिनीखाली खोल तळघरं असतात, मावशी. शहर जाईल. तो बहुतेक वाचेल."

"मग मरणार कोण?"

"बाकीचे."

"आणि त्यांनी उलट टाकला तर?"

"आपले बाकीचे."

मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पलीकडची माणसं मरतील याचं त्यांना तेव्हाही फारसं वाईट वाटलं नाही, खोटं कशाला सांगा. पण तो वाचणार? तळघरात बसून पोटभर जेवणार?

राजदूत खुर्चीत बसताच त्यांनी थेट विचारलं, "बोलणी केलीत तर त्याला मागाल?"

राजदूत गडबडले. "मागता येईल. देतीलच असा शब्द नाही देत. पण युद्ध झालं, तर जाब विचारायला कुणी उरणार नाही."

कॅमेरा सुरू झाला. निवेदक म्हणाला, "बोला, मावशी."

"बॉम्ब नको मला," मावशी दातओठ खात म्हणाल्या. "बॉम्बने त्याचं पाप झाकलं जाईल. मला तो जिवंत हवा, बेड्या घातलेला. बोलणी करायची तर करा, पण आधी त्याला मागा."

निवेदकाने घाईघाईने जाहिराती लावल्या. पण व्हायचं ते झालं होतं. त्या चौकीवरच्या इतर पोरांच्या आयाही हेच मागू लागल्या, मंत्रालयाच्या दारात ठाण मांडून बसल्या. बोलणी रखडली, फिसकटली, पुन्हा सुरू झाली. अखेर क्षेपणास्त्रं मागे गेली आणि त्या अधिकाऱ्यावर तिसऱ्या देशात खटला चालला.

निकालाच्या दिवशी मावशी लेकीबरोबर पहिल्या रांगेत बसल्या होत्या. जन्मठेप झाली. जाताना त्याची नजर मावशींवर पडली आणि त्याने मान खाली घातली. मावशी मात्र तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिल्या.

"आई, आता तरी शांत वाटतंय का?" लेकीने विचारलं.

"नाही," मावशी म्हणाल्या. "म्हातारा होऊ दे मेल्याला. खूप म्हातारा होऊ दे."