टीव्हीवरचा सरपंच

रविवारी दुपारी जेवणं झाली की रिमोट कुणाकडे, यावरून आमच्या केजच्या घरात कधी वाद झाला नाही. तो अण्णांचा. माझ्या वडिलांनी सारी उमर केज-अंबाजोगाई रस्त्यावर काळी-पिवळी जीप चालवली. पुढे जीप विकून एक जुनी छोटी कार घेतली, पण डोक्यातलं इंजिन काही बंद झालं नाही. विलायतेतला एक गाड्यांचा कार्यक्रम हिंदीत लागतो, वर्षानुवर्षं चाललाय. तिघं जण भारी भारी गाड्या कधी बर्फात तर कधी वाळवंटात पळवतात आणि एकमेकांची टिंगल करतात. त्यांची नावं अण्णांच्या जिभेवर बसणं शक्यच नव्हतं, म्हणून त्यांनी आपलीच ठेवली. ढेरीवाला, मोठ्या आवाजाचा तो सरपंच. सारखा बॉनेट उघडणारा तो मिस्त्री. आणि कारण नसताना हसणारा तो जावई.

अण्णा हा कार्यक्रम तोंड मिटून कधीच बघायचे नाहीत. कोट्यवधींची गाडी आली की पहिला प्रश्न, हिला वर कॅरेज कुठंय, सामान काय मांडीवर घ्यायचं? दोनच सीटची गाडी दिसली की त्यांना त्या कंपनीची कीव यायची. अडलेल्या बाईला मागं आडवं झोपवून दवाखान्यात नेता येत नसेल, तर ती गाडी त्यांच्या लेखी खेळणं होती. एवढ्या वर्षांत एकानंही ही परीक्षा घेतली नाही, ही त्यांची त्या कार्यक्रमाबद्दलची कायमची तक्रार. तरी सरपंचावर त्यांचा भारी जीव.

सोबतीला शेजारचे कंडक्टर काका असायचे. एसटीतून निवृत्त झालेले. चहा आमचा आणि मतं त्यांची.

मग ते जुने तिघं कार्यक्रम सोडून गेले आणि नवे तिघं आले. आमच्या घरात सुतक पडल्यासारखं झालं. काकांना नवे आवडले, त्यामुळे दर रविवारी भांडण. अण्णांनी एकदा निकालच देऊन टाकला.

"स्टेरिंग दुसऱ्याच्या हातात दिलं की गाडी गेलीच म्हणून समज, बे."

म्हणाले काकांना, पण बोलणं कुणासाठी होतं ते मला बरोबर कळलं. मी अंबाजोगाईच्या शाळेत शिकवते. लायसन काढून दोन वर्षं झाली होती आणि ते कपाटात साड्यांखाली पडलं होतं. रोज सकाळी अण्णा मला सोडायचे, दुपारी आणायला यायचे. चावी मागितली की उद्या बघू. मला असा संताप यायचा की मी नव्या तिघांची कट्टर समर्थक झाले. खरं सांगायचं तर त्यातल्या एकाचे विनोद अगदीच पाणचट होते, पण मी मुद्दाम मोठ्यानं हसायचे.

चॅनेलवाले जुने-नवे भाग मिसळून दाखवायचे. नवा निघाला की अण्णा ताडकन उठून गाडी पुसायला अंगणात जायचे. एका रविवारी नवा भाग लागला आणि अण्णा उठलेच नाहीत. पावसातला घाट होता, निसरडा रस्ता, आणि नव्यांपैकी एक दाढीवाला काटकुळा पोरगा गाडी अशी वळवत होता की मीसुद्धा बघत राहिले. अण्णा पुढं सरकून बसले होते.

"बघ सरपंचाचा हात बघ," ते काकांना म्हणाले. "जुनं ते जुनंच."

काकांनी मांडीवर थाप मारली. त्यांना वाटलं अण्णा गंमत करतायत, शेवटी एकदाचे नव्यांकडे वळले. ते हसत सुटले. मला मात्र हसू येईना. कार्यक्रमातली माणसं बदलली होती, पण त्यांच्या तोंडी घातलेले हिंदी आवाज तेच ठेवले होते. अण्णा सरपंचाला ऐकत होते. पडद्यावरचा पोरगा दिसतच नव्हता त्यांना.

गेल्या महिन्यात एका स्पीडब्रेकरवर गाडी आदळली, तेव्हा अण्णांनी सरकारला शिव्या घातल्या होत्या, आणि मीही त्यांच्यासोबत घातल्या होत्या. हल्ली ते हळू चालवतात, तर मी ते पेट्रोलच्या भावावर ढकललं होतं. आणि याच गाडीत मी रोज बसत होते. रस्त्यानं शाळेची पोरं चालत असतात.

स्वयंपाकघरात आईला सांगितलं, तर ती भाजी निवडत राहिली. तिला ठाऊक होतं.

"त्यांला कोन सांगंल?" ती म्हणाली. "गाडी काढून घेतली तर ते जेवायचे बी न्हाईत."

खरं होतं ते. या माणसाला बसायला जागा म्हणजे एकच माहीत होती, स्टेअरिंगच्या मागची. तिथून त्यांना उठवायचं आणि तेही मी.

सकाळी ते नेहमीसारखे चावी घेऊन गाडीपाशी उभे होते. मी हात पुढं केला. ते नेहमीचं 'उद्या बघू' म्हणणार, एवढ्यात मी बोलून टाकलं.

"अण्णा, काल टीव्हीवर सरपंच नव्हता."

त्यांनी फडक्यानं काच पुसली. पुसलेलीच होती.

"मग कोन व्हता?"

"नवा. दाढीवाला."

त्यांनी फडक्याची घडी घालून खांद्यावर टाकली. मग चावी माझ्या हातावर ठेवली.

"लई चांगला चालवीत व्हता," ते म्हणाले आणि डाव्या बाजूला जाऊन बसले.

मला रडू आलं, पण पहिला गिअर टाकायचा होता.

मोतीबिंदू निघाला, दोन्ही डोळ्यांत. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं काही नाही. ऑपरेशन झालं, काळा चष्मा आला आणि तितके दिवस मी सारथी. घरी बसून जीव नको होतो म्हणून अण्णा रोज माझ्यासोबत यायचे, शाळा सुटेपर्यंत जीपच्या स्टँडवर जुन्या ड्रायव्हरांत बसायचे आणि वाटभर माझा जीव खायचे. डावीकडे बसून त्यांचा उजवा पाय सारखा नसलेला ब्रेक दाबायचा. समोर म्हैस, दाब. समोर ट्रॅक्टर, दाब. समोर काहीच नाही, तरी दाब. पायपुसणं झिजेल म्हणून मी चिडवलं, तर म्हणाले, तुझ्यामुळं माझं आयुष्य झिजायलंय.

चष्मा उतरला त्या रविवारी काका लाडू घेऊनच आले. कार्यक्रम लागला. अण्णांनी डोळे बारीक केले, मोठे केले.

"ह्यो काटकुळा कोन बे?"

"तुझा सरपंच," काका म्हणाले. लाडू हातात तसाच धरून ते इतके हसले की आईनं पाणी आणलं. अण्णा मात्र उठले नाहीत. शेवटपर्यंत बघितलं. एकदा तारीफ केलेली, आता परत कशी घेणार? सरपंचाची सर न्हाई, पण गाडी नीट धरतो, एवढं त्यांनी कबूल केलं.

डॉक्टरांनी गाडी चालवायला परवानगी दिली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मीच चावी त्यांच्यापुढं धरली. जड गेलं. मला आता सवय झाली होती. त्यांनी चावीकडे बघितलं आणि वळसा घालून डाव्या दाराशी गेले.

"चालव तू. येताना मी घेतो."

"कावून? आता दिसतंय की."

"दिसतंय म्हणूनच. सारा जन्म ह्या रस्त्यानं गेलतो, पन कडंला काय हाय ते कदी बघितलंच न्हाई."

आणि मग अंबाजोगाईपर्यंत त्यांचे प्रश्न थांबेनात. ती विहीर कुणाची, ते हिरवं काय पेरलंय, ही शाळा कधी झाली. एका वळणावर त्यांनी डोंगराकडे बोट केलं आणि विचारलं, ह्यो कधीपासून हाय इथं? तुमची जीप यायच्या आधीपासून, मी म्हटलं. ते काच खाली करून बघतच राहिले. समोरून उसाचा ट्रॅक्टर आला, मी गाडी कडेला घेतली, तो गेला. तेव्हा माझं लक्ष खाली गेलं. अण्णांचा पाय जिथल्या तिथं होता.